मनगटावरच्या जखमेचीही चर्चा व्हावी

मा. संपादक,
स. न. वि. वि.

तोंडाच्या कर्करोगाविषयी आपल्या अंकात वरचेवर लिहिले जाते; पण ऑपरेशनसाठी ज्या हाताची कातडी घेतात, त्या हाताचे पुढे काय होते, हे कुठे वाचल्याचे मला आठवत नाही. जिभेचा काढलेला भाग भरण्यासाठी मनगटाच्या आतल्या बाजूची त्वचा रक्तवाहिनीसह उचलून तोंडात जोडतात. चिनी शल्यविशारदांनी १९८१ साली प्रसिद्ध केलेली ही पद्धत आता आपल्याकडेही रुळली आहे.

मनगटाची जागा बहुधा मांडीवरच्या कातडीचा पातळ पापुद्रा लावून झाकतात. मांडीची ती जखम दोनेक आठवडे ओली राहते, आणि सर्जिकल वॉर्डात परिचारिका असताना मी हातापेक्षा मांडीच्याच दुखण्याने कण्हणारे रुग्ण अधिक पाहिले. ओटीपोटाची पूर्ण जाडीची कातडी घेतली, तर तिथे टाके घालून एक रेघ तेवढी उरते आणि मनगटावरचा खड्डाही कमी दिसतो. मात्र ही जाड कातडी खालून रक्त मिळून रुजेपर्यंत हात अगदी स्थिर ठेवावा लागतो. जखम लहान असल्यास शेजारचीच कातडी सरकवून टाके घालता येतात.

माझे भावजी सराफ्यात सोनारकाम करतात. गेल्या वर्षी याच ऑपरेशननंतर त्यांच्या डाव्या हाताचे बँडेज पाचव्या दिवशी सोडले, तेव्हा लावलेल्या कातडीची कड काळी पडली होती आणि मधोमध पांढरी कंडरा, म्हणजे स्नायूला हाडाशी जोडणारी दोरी, उघडी दिसत होती. मनगट जरा हलले की ती सरकताना दिसे. कंडरेवरचे पातळ आवरण शाबूत नसेल, तर तिच्यावर कातडी धरत नाही. हात स्थिर राहावा म्हणून बांधलेली फळी दुसऱ्याच दिवशी सैल केली होती. ती का बांधली आहे, हे आम्हांला कोणी सांगितले नव्हते. पुढे दोन महिने ड्रेसिंग करून जखम भरली, पण चिमट्यावरची त्यांची पकड अजून पूर्ववत नाही.

आजवरच्या तुलनांतून निर्विवाद सरस ठरलेली अशी एक पद्धत नाही. म्हणूनच रुग्ण हाताने कोणते काम करतो, हे विचारून शल्यविशारदांनी ऑपरेशनपूर्वीच पर्याय समजावून द्यावेत, आणि संमतीपत्रात मनगट कसे झाकणार व फळी किती दिवस ठेवणार, हे हिंदीत व शक्य तिथे मराठीत लिहावे, अशी इंदूरच्या रुग्णालयांना माझी कळकळीची विनंती आहे.

आपली,
एक निवृत्त परिचारिका, रामबाग, इंदूर