न लागलेल्या आगीबद्दल

आदरणीय आप्पा यांस,

सप्रेम नमस्कार.

मी गॅरेजवर आले होते तेव्हा पैसे दिले, चहा झाला, पण जे बोलायचं होतं ते राहून गेलं. बाहेर गिऱ्हाईक उभं होतं आणि तुमचे दोन्ही हात इंजिनात होते. म्हणून हे पत्र, आणि तेही सगळ्यांना वाचता येईल असं. आमच्या नानांच्या, म्हणजे माझ्या वडिलांच्या, फियाटसाठी तुम्ही जे केलंत, ते खानदेशातल्या कितीतरी घरांच्या उपयोगाचं आहे. शिरपूर, पारोळा, चोपडा, यावल, कुठेही जा, दारात एखादी पद्मिनी, मारुती 800 नाहीतर ओम्नी उभी असते. शेतावर, लग्नाला, दवाखान्यात, सगळीकडे तीच जाते.

नानांनी गाडी आणली ती हेडलाइट मंद पडतो एवढ्यासाठी. नवा बल्ब लावून त्यांना वाटेला लावणं सोपं होतं. तुम्ही बोनेट उघडलंत, दोन क्षण थांबलात आणि म्हणालात, "नाना, पेट्रोलना वास ई ऱ्हायना," म्हणजे पेट्रोलचा वास येतोय. नाना म्हणाले, जुनी गाडी आहे, थोडा वास यायचाच. त्यावर तुम्ही वाद घातला नाहीत. "गाडी आठेच (इथेच) ऱ्हाऊ द्या" म्हणालात आणि चावी खिळ्याला टांगलीत. त्या चावीबद्दल पहिले आभार.

मग टाकीकडून एसी पंपाकडे (टाकीतलं पेट्रोल ओढून इंजिनाला देणाऱ्या पंपाकडे) येणाऱ्या रबरी नळीचा तुकडा कापून तुम्ही नानांच्या हातात दिलात. वाकवला तर तो वाळलेल्या कुरडईसारखा तडकला. वरून काळी, चांगली दिसणारी नळी, आतून चिरा गेलेली. एका टोकाला जुबली क्लिपऐवजी (स्क्रूने आवळायच्या पट्टीऐवजी) नुसती तार आवळलेली होती आणि ती रबरात रुतली होती. पेट्रोल थेंबाथेंबाने गळत होतं, पण खाली डाग पडत नव्हता, कारण थेंब गरम इंजिनावरच उडून जात होते. नानांना हे नवीन होतं. डाग नाही म्हणजे गळती नाही, असंच ते धरून चालले होते. डाग नाही आणि वास आहे, ही जास्त वाईट खूण, हे तुम्ही समजावलंत. पेट्रोलची वाफ उणे 40 अंशांच्या आसपासही पेट घेऊ शकते. ती हवेपेक्षा जड असते, खाली साचते, आणि डायनामोची किंवा ढिल्या वायरीची एक ठिणगी तिला पुरते. भुसावळ-जळगावच्या मे महिन्यात, जेव्हा सावलीतच पारा 45 च्या घरात जातो, तेव्हा तर विचारायलाच नको.

इथेनॉलचंही तुम्ही सांगितलंत. 2023 पासून पंपांवर इ-20 येऊ लागलं आणि आता बहुतेक ठिकाणी तेच मिळतं. पेट्रोलमध्ये वीस टक्के इथेनॉल, आणि आमच्या गाडीचं रबर त्या काळातलं, जेव्हा हे मिश्रण कुणाच्या ध्यानीमनीही नव्हतं. इथेनॉलने जुनं रबर फुगतं, मऊ पडतं किंवा चिरतं, आणि इथेनॉल पाणी ओढून घेत असल्यामुळे टाकी आतून गंजते. म्हणून तुम्ही फक्त ती एक नळी बदलली नाहीत. टाकीपासून कार्बोरेटरपर्यंत जिथे जिथे रबर होतं ते सगळं काढलंत, इथेनॉल चालणारी पेट्रोलचीच नळी घातलीत, एसी पंपाचा पडदा बदललात आणि इंजिनाच्या वर लोंबणारा प्लास्टिकचा फिल्टर तिथून हलवून थंड जागी पक्का बसवलात. सगळ्या नळ्यांचा खर्च एका टायरपेक्षाही कमी आला. आपण टायर मात्र गुळगुळीत झाले की लगेच बदलतो, कारण ते डोळ्यांना दिसतात.

आता हेडलाइट. मंद दिव्याचं कारण ऐकून मी खरोखर हादरले. पूर्वी कुणीतरी हौसेने 100 वॅटचे बल्ब घातले होते आणि वायर जुनीच ठेवली होती. साधे 60 वॅटचे दोन बल्ब 12 व्होल्टवर 10 अँपिअर ओढतात, 100 वॅटचे दोन जवळजवळ 17. वायरीतली उष्णता करंटच्या वर्गाने वाढते, म्हणजे त्याच वायरीत पावणेतीन पट तापणं. त्यात जोड गंजलेले. दिव्यात जायची वीज वाटेतच उष्णता होऊन जात होती, म्हणून उजेड कमी. डॅशबोर्डमागचं वायरींचं भेंडोळं तुम्ही उलगडून दाखवलंत, तेव्हा आवरण तपकिरी पडून एकमेकांना चिकटलं होतं. आणि फ्यूजच्या जागी? तांब्याची तार. फ्यूज सारखा उडतो म्हणून रस्त्यात कुणीतरी केलेली सोय. फ्यूज उडत होता तो गाडीला वाचवायलाच, आणि त्यालाच काढून टाकलं होतं. यावर माझं मत पक्कं आहे: फ्यूजच्या जागी तार घालून देणाऱ्याने गाडी दुरुस्त केलेली नसते, उलट एक धोका घालून ठेवलेला असतो, आणि त्याचे पैसेही घेतलेले असतात.

तुम्ही रिले बसवलीत (म्हणजे दिव्यांची वीज जुन्या बटणातून न जाता थेट बॅटरीकडून येते), जाड वायर ओढलीत, बॅटरीपासून वीतभराच्या आत फ्यूज घातलात. बॅटरीकडून स्टार्टरला जाणाऱ्या जाड केबलला फ्यूज नसतो, म्हणून ती पत्र्याच्या कडेला घासते का, हे हात फिरवून पाहिलंत. जिथे पत्र्याच्या भोकातून वायर जाते तिथलं झिजलेलं रबरी ग्रोमेट बदललंत. बॅटरीवर कट-ऑफ स्विच लावलात आणि नानांना सवय लावलीत की रात्री गाडी लावली की स्विच बंद. टॅपेट कव्हरच्या, म्हणजे इंजिनावरच्या झाकणाच्या, पॅकिंगमधून झिरपणारं ऑइल तापलेल्या मॅनिफोल्डवर (इंजिनातला धूर बाहेर नेणाऱ्या नळ्यांवर) पडत होतं, तेही थांबवलंत. नाना त्याला इतकी वर्षं "थोडं घाम येणं" म्हणत होते.

एक गोष्ट मला शहरात राहून कधी सुचली नसती. आमची गाडी दिवाळीनंतर कापसाच्या ढिगाशेजारी उभी असते. बोनेटखाली, बॅटरीच्या मागे, उंदराने कापसाचं घरटं केलं होतं आणि शेजारची वायर कुरतडून तांबं उघडं पडलं होतं. उघडं तांबं आणि कोरडा कापूस, दोघांत बोटभर अंतर. तुम्ही ते घरटं चिमट्याने काढून बाकावर ठेवलंत, जे जे गिऱ्हाईक आलं त्याला दाखवलंत आणि सांगितलंत की कापूस, मका, कडबा साठवलेल्या ठिकाणी गाडी लावत असाल तर आठवड्यातून एकदा बोनेट उघडून बघा. रस्त्यावर मळणीसाठी पसरलेल्या पिकावरून गाडी नेऊ नका, वाळलेल्या गवतात उभी करू नका, हेही. काडी सायलेन्सरला किंवा फिरत्या शाफ्टला गुंडाळली की गाडी खालून पेटते, आणि चालवणाऱ्याला ते सगळ्यात शेवटी कळतं.

गॅसवर चालणाऱ्या गाड्यांबद्दल तुम्ही मोजकंच बोललात, पण आवाज चढवून. सीएनजीच्या टाकीची दर तीन वर्षांनी चाचणी, आणि घरगुती सिलिंडरमधून गाडीत गॅस कधीही नाही. नोव्हेंबर 2024 मध्ये जळगावात असा गॅस भरताना व्हॅनमध्ये स्फोट झाला, माणसं गेली. याहून जास्त काही सांगायची गरज नाही.

याच नोव्हेंबर 2024 मध्ये आणखी एक घटना घडली, आणि ती तुम्ही नानांना दोनदा सांगितलीत. एरंडोलहून जळगावला गरोदर बाईला घेऊन निघालेली रुग्णवाहिका दादावाडीजवळच्या उड्डाणपुलावर पेटली. चालकाला इंजिनातून धूर येताना दिसला. त्याने गाडी थांबवली, सगळ्यांना उतरवलं, लांब नेलं. थोड्या वेळात आतला ऑक्सिजन सिलिंडर फुटला, आसपासच्या घरांच्या काचा फुटल्या, पण ती बाई आणि तिच्याबरोबरचे सगळे वाचले. त्या चालकाचं तुम्ही जे कौतुक केलंत ते मला फार आवडलं. "पहिले माणसं उतारा, मंग गाडीनं पाहू," हे तुमचं वाक्य आमच्या घरात आता पाठ आहे.

आणि शेवटी ज्याच्यासाठी मी मुख्यतः लिहिते आहे ते. काम संपल्यावर तुम्ही आई, नाना आणि माझ्या दोन्ही मुलांना गॅरेजमागच्या मोकळ्या जागेत नेलंत. मुदत संपलेला एक किलोचा पावडरचा एक्स्टिंग्विशर आईच्या हातात दिलात. आईने आयुष्यात असलं काही हातात धरलं नव्हतं. पिन ओढायची, नळी ज्वाळेच्या टोकाकडे नाही तर बुडाशी धरायची, दांडी दाबून डावी-उजवीकडे फिरवायची. आठ-दहा सेकंदांत तो रिकामा झाला आणि आई म्हणाली, "इतक्यात संपला?" तेव्हा तुम्ही म्हणालात, म्हणूनच आग हाताएवढी असेल तरच तिच्यापुढे उभं राहायचं, नाहीतर शंभर फूट लांब जाऊन 101 किंवा 112 लावायचा. बोनेट सताड उघडायचं नाही, हवा आत गेली की ज्वाळा तोंडावर येते. खटका ओढून बोटभर फट ठेवायची आणि फटीतूनच मारायचं. पाणी ओतायचं नाही. सामानासाठी, कागदांसाठी परत फिरायचं नाही, सीटच्या फोमचा आणि प्लास्टिकचा धूरच माणसाला पाडतो. मुलांना तुम्ही डोळे मिटून दाराचा खटका शोधायला लावलात. धाकटीला तो खेळ इतका आवडला की ती आता कुणाच्याही गाडीत बसली की आधी खटका शोधते.

नवा एक्स्टिंग्विशर तुम्ही डिकीत ठेवू दिला नाहीत, ड्रायव्हरच्या सीटपुढे पट्ट्याने बांधलात. दर महिन्याला काटा हिरव्यात आहे का पाहायचं आणि पावडर बसू नये म्हणून उलटा करून हलवायचं, हे काम आईने स्वतःकडे घेतलं आहे. घरातल्या कॅलेंडरवर गॅस सिलिंडरच्या नोंदीखाली तिची खूण असते.

आप्पा, जळालेल्या गाडीची बातमी छापून येते. वेळेवर बदललेल्या नळीची येत नाही. गाडी पेटली असती की नसती हे आता कुणीच सांगू शकणार नाही, आणि तुम्हीही त्याचं श्रेय कधी मागितलं नाहीत. पण तो नळीचा तुकडा आणि ती तांब्याची तार मी पाहिली आहे. त्या गाडीत माझे आईवडील पुढे बसतात आणि माझी मुलं मागे. नाना आता चाळीसगावहून कन्नडचा घाट चढतात तेव्हा मला पुण्यात झोप लागते. तुम्ही बिलात नळ्यांचे, रिलेचे, मजुरीचे पैसे लावलेत. मुलांना शिकवण्यात गेलेल्या दुपारचे लावले नाहीत.

आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) मी माहेरी येते आहे. येताना गॅरेजसाठी चार एक्स्टिंग्विशर आणणार आहे, दोन भिंतीला टांगायला आणि दोन लोकांना हाताळून रिकामे करायला. नाही म्हणू नका. एखाद्या रविवारी आसपासच्या जुन्या गाडीवाल्यांना बोलवा, गल्लीत निरोप द्यायचं काम नाना आणि मी करू. आणि त्या दिवशी जेवायला वहिनींना घेऊन आमच्याकडे या, आईने खापरावरच्या पुरणपोळ्या आणि आमरस आधीच कबूल केला आहे.

तुमची,
नानांची मोठी मुलगी
अमळनेर