समोर माणूस असून काय उपयोग?

महोदय,

कृत्रिम बुद्धिमत्तेसाठी कायद्याची घाई नको, उद्योग गुदमरतील, कंपन्यांची स्वयंशिस्त आणि ‘शेवटचा निर्णय माणसाचाच’ एवढे तत्त्व पाळले तरी पुरे, असा सल्ला कालच्या अग्रलेखात दिला आहे. भाषा नेहमीप्रमाणे झोकदार. फक्त हा ‘शेवटचा माणूस’ अग्रलेख लिहिणाऱ्यांना प्रत्यक्ष कधी भेटला आहे का, अशी शंका आली. मला भेटला आहे.

घराच्या दुरुस्तीसाठी मी कर्ज मागितले होते. जिथे मागितले तिथे माझे खाते जुने, आधीच्या कर्जाचा एकही हप्ता थकलेला नाही. तरी अर्ज नामंजूर. विचारायला गेलो तेव्हा तिथल्या अधिकाऱ्याने (भला माणूस, त्याच्याबद्दल तक्रार नाही) मॉनिटरच माझ्याकडे वळवला. लाल चौकटीत ‘अपात्र’. त्याखाली ‘कारण’ असा रकाना, आणि तो कोरा.

‘का अपात्र?’

‘ते आम्हालाही दिसत नाही. सिस्टमच ठरवते.’

‘मग तुम्ही कागदपत्रे बघा आणि बदला.’

‘आम्हाला तिथे एडिटच करता येत नाही, साहेब.’

मग वर मेल करा म्हणाला. केला. मिनिटभरात उत्तर आले, की आपली तक्रार आमच्यासाठी अत्यंत महत्त्वाची आहे. त्याच उत्तराच्या तळाशी लिहिले होते, की आपली तक्रार निकाली काढण्यात आली आहे. खाली सेवा कशी वाटली हे कळवायला पाच तारे. निदान एक तरी तारा दिल्याशिवाय ते पान पुढे सरकत नव्हते!

तेव्हा संपादक महाशय, माणूस होता. खुर्चीत होता, सभ्यपणे बोलत होता, चहासुद्धा विचारला त्याने. नव्हता तो अधिकार. आपल्या ‘शेवटच्या माणसा’ला यंत्राचा निर्णय फिरवता येत नसेल, तर तो तिथे बसवला आहे तो फक्त आमच्या शिव्या खायला.

युरोपीय संघाच्या २०२४ च्या कायद्याची आपण ‘लालफीत’ म्हणून वासलात लावली आहे. त्याचे १४ वे कलम वाचण्याची तसदी कोणी घेतली असती तर बरे झाले असते. देखरेख करणाऱ्या माणसाला यंत्राचा निष्कर्ष बाजूला ठेवता आला पाहिजे, उलटवता आला पाहिजे, असे त्यात स्पष्ट लिहिले आहे. आणि माणसाची कर्जफेडीची पत ठरवणाऱ्या प्रणाली त्या कायद्याने जास्त जोखमीच्या यादीत घातल्या आहेत. म्हणजे माझेच प्रकरण. मला त्यात लालफीत दिसत नाही, तो कोरा रकाना भरला जाण्याची शक्यता दिसते.

दुसरा मुद्दा व्यापारी गुपिताचा. निर्णयाची कारणे द्यायला लावली तर कंपन्यांची सूत्रे चव्हाट्यावर येतील, ही आपली काळजी. ऑस्ट्रियात एका ग्राहकाला मोबाइलची जोडणी नाकारली गेली. बिल किती, तर महिना १० युरो. कारण काय, तर संगणकाने काढलेली पत. प्रकरण थेट युरोपीय न्यायालयात गेले आणि २७ फेब्रुवारी २०२५ ला निकाल लागला. सूत्र जसेच्या तसे देण्याची गरज नाही, पण त्या माणसाची कोणती माहिती कशी वापरली हे त्याला समजेल असे सांगावेच लागेल. गुपिताचा प्रश्न असेल तर ते न्यायालयापुढे किंवा नियामकापुढे ठेवा, किती उघड करायचे ते ते ठरवतील. झाले! यात कोणता उद्योग गुदमरला? दहा युरोंच्या मोबाइलला जे मिळाले ते माझ्या कर्जाला मिळावे, एवढेच माझे मागणे आहे. कर्ज द्याच असेही मी म्हणत नाही.

स्वयंशिस्तीचे तर नाव काढू नका. एअर कॅनडाच्या चॅटबॉटने एका प्रवाशाला सवलतीबद्दल चुकीची माहिती दिली, तेव्हा चॅटबॉट ही वेगळी कायदेशीर व्यक्ती आहे, तिच्या बोलण्याला आम्ही कसे जबाबदार, असा बचाव कंपनीने लवादापुढे केला होता. फेब्रुवारी २०२४ मध्ये तो फेटाळला गेला म्हणून ठीक. नेदरलँड्समध्ये तर खुद्द सरकारी कर खात्याने बालसंगोपन भत्त्यातले लबाड हुडकायला यंत्र लावले आणि अर्जदार डच नागरिक आहे की नाही, हाही जोखमीचा निकष धरला. हजारो आईबापांवर खोटा आळ आला, वसुलीपायी घरे बुडाली. जानेवारी २०२१ मध्ये अख्ख्या मंत्रिमंडळाने राजीनामा दिला. अधिकारी तिथेही होतेच की, खुर्च्यांवर.

आता अग्रलेखाशेजारच्या चित्राबद्दल. न्यायाधीशाच्या झग्यातला निळा यंत्रमानव, त्याच्या हातात तराजू आणि तराजूचे एक पारडे साखळीवाचून अधांतरी. मागच्या कपाटातल्या पुस्तकांवर जी अक्षरे आहेत ती कोणत्याच लिपीतली नाहीत. हे यंत्राकडून काढून घेतले असेल तर तसे खाली छापायला काय हरकत होती? पूर्वी या जागी व्यंगचित्र असे आणि कोपऱ्यात चित्रकाराची सही. ते चित्रकार सुट्टीवर आहेत की त्यांनाही सिस्टमने अपात्र ठरवले, तेवढे कृपया कळवावे. वर्गणी भरताना मला चॅटबॉटशी बोलावे लागले, म्हणून हे पत्राने विचारतो आहे.

आपला,
एक जुना वर्गणीदार