तात्या, आपलं चाक बघून आले

लालबाग, मुंबई

तीर्थस्वरूप तात्या यांस,
साष्टांग नमस्कार.

हे पत्र तुमच्या हातात द्यायचं सोडून असं चारचौघांत लिहितेय, कारण तुम्ही मला जे दिलंत ते एकटीनं गाठीला बांधून ठेवावंसं वाटत नाही. नात तुम्हाला वाचून दाखवेलच. ती भरभर वाचते, तिला दोनदा थांबवा.

निघायच्या आदल्या रात्री तुमच्या पाया पडायला आले होते. सहा महिने लेकीकडे कॅलिफोर्नियात राहायचं, नातू सांभाळायचा, एवढंच माझ्या डोक्यात होतं. तुम्ही विचारलंत, “तिच्या घरापासून ग्रास व्हॅली किती लांब?” ते नाव मी त्याआधी कधी ऐकलं नव्हतं. “सोन्याच्या खाणींचं गाव. आपलं चाक तिथलं,” असं म्हणून तुम्ही एक जुनी लग्नपत्रिका शोधलीत आणि तिच्या मागच्या कोऱ्या बाजूवर पेन्सिलीनं लिहायला लागलात. पाणी कुठून आणलं. किती उंचीवरून पाडलं. बकेटची मधली कड कशी आहे. खाली उतरणारी माणसं कुठून आली, डब्यात काय न्यायची. त्यांच्या आधी तिथं कोण राहत होतं. आणि सगळ्यांत शेवटी, दोनदा अधोरेखित केलेलं: खाण बंद पडल्यावर त्यांचं काय झालं. “मोठी म्युझियमं लेक दाखवेलच,” तुम्ही म्हणालात, “तू गावातली बघ. नुसतं काचेतलं बघून येऊ नकोस, विचारत जा.”

वाचणाऱ्यांना सांगायला हवं की “आपलं चाक” म्हणजे पेल्टनचं चाक, आणि आमच्या चाळीत शेजारी राहणाऱ्या तात्यांची नोकरी खोपोलीच्या पॉवर हाउसमध्ये फिटर म्हणून झाली. घाटमाथ्यावरचा पाऊस लोणावळा, वळवण, शिरवटा इथल्या तलावांत साठवायचा, तो पाइपांतून सुमारे पाचशे मीटर खाली खोपोलीला सोडायचा आणि त्या धारेवर चाकं फिरवायची. १९१५ साली हे सुरू झालं आणि तोवर कोळशाच्या वाफेवर चालणाऱ्या मुंबईच्या गिरण्यांना वीज मिळू लागली. माझे बाबा गिरणीत साचेखात्यात, म्हणजे मागांवर होते. तिसऱ्या मजल्यावर एकाच गॅलरीत वीज करणारा एक आणि त्या विजेवर साचा चालवणारा दुसरा, असे दोघं राहायचे. हे माझ्या कधी लक्षातच आलं नव्हतं, तात्या. तुमच्या चिठ्ठीनं आलं.

लेकीच्या घरापासून ग्रास व्हॅली गाडीनं तीन तासांवर निघालं. पहिल्या खेपेला एका गावातल्या संग्रहालयाला कुलूप होतं. ही छोटी संग्रहालयं आठवड्यातले ठरावीक दिवसच उघडतात, बरीचशी थंडीत बंदच असतात. कुणाला जायचं असेल तर आधी फोन करून जा. दुसऱ्या खेपेला आम्ही तसं केलं आणि नॉर्थ स्टार खाणीच्या जुन्या पॉवर हाउसमध्ये पोचलो. आता तिथं संग्रहालय आहे. दगडी भिंती, आत अंधुक गारवा, तेलाचा जुना वास. आणि समोर ते चाक. तीस फूट व्यासाचं, १८९६ सालचं. आपल्या चाळीच्या तीन मजल्यांएवढं उंच. मी पायातल्या चपला काढायला वाकले होते, लेकीनं हात धरून थांबवलं.

तिकडे सकाळचे अकरा वाजले होते, म्हणजे तुमच्याकडे रात्रीचे साडेअकरा. तुम्ही स्वेटर घालून, खुर्ची भिंतीला लावून फोनसमोर बसला होतात. एरवी नवाला झोपणारा माणूस. व्हिडिओत चाक दिसलं तेव्हा तुम्ही कितीतरी वेळ काहीच बोलला नाहीत. मग म्हणालात, “पोरी, फोन खाली घे. नोझल दाखव.” म्हणजे पाण्याची धार जिथून सुटते ते तोंड. त्यानंतरचा पाऊण तास मी नुसता फोन धरून उभी होते. तुम्ही मराठीत विचारायचात, लेक इंग्रजीत सांगायची आणि तिथल्या मार्गदर्शक बाई, सत्तरीच्या असतील, हळूहळू आपली ठरलेली माहिती सोडून तुमच्याशीच बोलायला लागल्या.

चाकाचं मर्म त्या दिवशी मला तुमच्या तोंडून कळलं. लेस्टर पेल्टन १८५० मध्ये सोन्याच्या ओढीनं इकडे आला. सोनं काही हाती लागलं नाही, मग ग्रास व्हॅलीजवळच्या कॅम्प्टनव्हिलमध्ये गिरण्यांची कामं करणारा सुतार झाला. तेव्हाच्या चाकांवर पाण्याची धार सपाट वाटीत आपटायची आणि तिथंच निम्मी ताकद वाया जायची. पेल्टननं वाटीच्या, म्हणजे बकेटच्या, मधोमध एक धारदार कड काढली. धार त्या कडेवर येते, दोन भागांत फुटते, दोन्ही बाजूंच्या वाट्यांतून वळून मागे फिरते आणि खाली पडते तेव्हा तिच्यात काही जोर उरलेला नसतो. “येताना वाघ, जाताना गाय,” तुम्ही म्हणालात. हे इंग्रजीत कसं सांगायचं म्हणून लेक अडली, पण बाईंना हातवाऱ्यांवरून कळलं. १८८० मध्ये त्याला पेटंट मिळालं आणि १८८३ मध्ये ग्रास व्हॅलीच्याच आयडाहो खाणीत चाकांची स्पर्धा झाली, तेव्हा पेल्टनच्या चाकानं पाण्यातली नव्वद टक्के ताकद कामाला लावून दाखवली.

तुम्ही सांगितलं होतंत म्हणून मी बाजूला ठेवलेल्या एका लहान चाकाची बकेट मोजली. बाईंनी हात लावायची परवानगी दिली. पूर्ण वीत आणि वर दोन बोटं. मधल्या कडेवरून अंगठा फिरवला तर विळीच्या पात्यासारखी नव्हती, बोथट झालेली होती, मध्येच बारीक खड्डे. फोनवर तुम्ही लगेच म्हणालात, “वाळूनं खाल्लीय.” पावसाळ्यात गढूळ पाणी आलं की कड कशी झिजते, चाकाचा आवाज कसा बदलतो, खोपोलीच्या मुक्कामात तो आवाज ऐकून झोपेतून उठून तुम्ही कसे जायचात, मग वेल्डिंगनं भरून कानशीनं पुन्हा धार कशी काढायची, हे तुम्ही सांगत होतात आणि बाई वहीत लिहून घेत होत्या. मी वर्षानुवर्षं तुमच्या शेजारी राहिले, पण तुमचं काम मला तिथं, सात समुद्रांपलीकडे, उभं राहून कळलं.

बाकीच्या प्रश्नांची उत्तरंही आणली आहेत.

डब्यात काय न्यायची, हे तुम्ही का विचारलंत ते ग्रास व्हॅलीतल्याच एम्पायर खाणीवर गेल्यावर समजलं. तिथले खाणकामगार मुख्यतः इंग्लंडच्या कॉर्नवॉलचे, पिढीजात खाणकरी. ते डब्यात पेस्टी न्यायचे. मोठी करंजीच म्हणा, आत मांस, बटाटा, सलगम, कांदा. गावात अजून मिळते. मी बिनमांसाची आणून आधी तिची मुरड बघितली. चांगली जाड, दोरखंडासारखी. आपण मुरड घालतो ती सारण बाहेर येऊ नये म्हणून आणि दिसायला देखणी म्हणून. तिथं खाणीतले मळके हात लागायचे म्हणून ती कड धरून खायची, असं सांगतात. ते ऐकल्यावर आई बाबांच्या डब्यात भाकरीची चवड फडक्यात बांधून द्यायची ते आठवलं. हात धुवायला वेळ नसायचा, फडक्यासकट धरून खायचे.

आधी कोण राहत होतं? निसेनान लोक. शेजारच्याच नेव्हाडा सिटी गावातल्या जुन्या बंबखान्यात, म्हणजे १८६१ च्या इमारतीत, संग्रहालय आहे. तिथं त्यांच्या टोपल्या बघितल्या, इतक्या घट्ट विणीच्या की पाणी ठरावं. २४ जानेवारी १८४८ ला कोलोमा इथं जेम्स मार्शलला नदीकाठी सोन्याचे कण दिसले आणि पुढच्या काही वर्षांत त्या लोकांचा मुलूख, नद्या, शिकार सगळं गेलं. १९६४ मध्ये सरकारनं त्यांची जमात म्हणून असलेली मान्यताही काढून घेतली. त्याच इमारतीत चिनी मजुरांच्या देवळातला देव्हारा आहे. परदेशी खाणकऱ्यांवर १८५० मध्ये महिन्याला वीस डॉलर कर बसवला होता. पुढे तो कमी झाला पण भरावा लागला तो मुख्यतः चिन्यांनाच. माणसांना एवढं पिळलं आणि त्यांचा देव्हारा मात्र टिकला. मी तिथं बराच वेळ उभी होते.

कोलोमाला एक मुलगी थाळीत रेती आणि पाणी घोळवून सोनं कसं वेगळं करायचं ते दाखवत होती. हलकी रेती पाण्याबरोबर जाते, जड सोनं तळाशी बसतं. मला ते नवीन वाटलंच नाही. आम्हा पोरांना तुम्ही झवेरी बाजारात नेलं होतंत तेव्हा सोनारांच्या दुकानांपुढची धूळ झाडून नेणारे झारेकरी दाखवले होतेत. तीच थाळी, तोच मनगटाचा हेलकावा. पाराही तोच. तिकडे मोठमोठ्या पाण्याच्या तोफांनी डोंगरच्या डोंगर धुऊन काढले, सोनं धरायला पन्हाळीत पारा ओतला. तो पारा अजून तिथल्या नद्यांच्या गाळात आहे.

तुमच्या चिठ्ठीत नव्हतं ते एक सांगते. डोंगर धुतल्याचा गाळ खाली उतरला, नद्यांची पात्रं भरली, पुरानं शेतं बुडाली. शेतकरी कोर्टात गेले आणि जानेवारी १८८४ मध्ये न्यायाधीश सॉयर यांनी नदीत गाळ सोडायला बंदी केली. शेतकरी जिंकले, तात्या. ते वाचलं आणि मला मुळशी आठवलं. तुमचं पॉवर हाउस खोपोलीचं, मुळशी धरणाचं पाणी भिऱ्याच्या पॉवर हाउसला जातं, तरी सेनापती बापटांचं नाव काढलं की तुम्ही कसे गप्प होता ते मी पाहिलंय. १९२१ पासून तीन वर्षं आपले मावळे लढले, तरी धरण झालंच. ज्या विजेवर आपली दोन्ही घरं जगली तिच्या पाण्याखाली कुणाची तरी भातखाचरं आहेत, हे तुम्ही आम्हाला लहानपणीच सांगितलं होतंत. राणीच्या बागेत नेलंत की हत्तीच्या आधी भाऊ दाजी लाड म्युझियम असायचं. मातीच्या त्या छोट्या कारागिरांपुढे उभं करून विचारायचात, “हा काय करतोय? याचं पोट कोण भरतं?” तुमची चिठ्ठी त्याच प्रश्नांची होती.

आता शेवटचा प्रश्न, अधोरेखित केलेला.

एम्पायर खाण १८५० पासून शंभरावर वर्षं चालली. ५८ लाख औंस सोनं निघालं, म्हणजे सुमारे १८० टन. बोगद्यांची लांबी ३६७ मैल, मुंबईहून गोव्याला जाऊन पोचावं एवढी. त्या सगळ्या बोगद्यांचं एक छोटं रूप करून कंपनीनं बंद खोलीत गुपित ठेवलं होतं, आता ते कुणालाही बघता येतं. १९३४ पासून सोन्याचा सरकारी भाव औंसाला पस्तीस डॉलरवर बांधलेला होता. खर्च वाढत गेला, भाव तिथंच. मजुरी परवडेना झाली आणि १९५६ मध्ये कामगारांचा संप झाला. त्यानंतर खाण पुन्हा सुरू झालीच नाही. पंप थांबले आणि बोगदे पाण्यानं भरले. तो फलक वाचून मी लेकीला म्हणाले, चल बाहेर. १९८२ चा संप, बाबांचं रिकामं बसणं, रोज सकाळी डबा न घेता गिरणीच्या गेटपर्यंत जाऊन परत येणं, सगळं एकदम समोर आलं. बाहेर बाकावर बसून तिला पहिल्यांदा सगळं सांगितलं. तिचे आजोबा तिला फक्त फोटोतले माहीत होते.

तिथं मजुरांच्या हजेरीच्या पट्ट्या, डबे, टोप्या, मेणबत्त्या अडकवायचे आकडे, सगळं गावातल्या लोकांनी जपून ठेवलंय. आमच्या गिरणीचा एक बॉबिनही कुठं ठेवलेला मला माहीत नाही. बाबांचा मागावरचा धोटा मात्र माझ्या कपाटात आहे, साडीत गुंडाळलेला. आल्या आल्या तो बाहेर काढला. टोकाचं लोखंड गंजलंय, लाकूड अजून गुळगुळीत आहे. त्यावर कागद चिकटवून बाबांचं खातं, साल आणि गिरणी लिहायची आहे. खात्यातल्या जोडीदारांची नावं तुम्हाला आठवतात, ती सांगाल ना?

रविवारी दुपारी येते. नोझलचा फोटो मोठा करून आणलाय, तुम्हाला चष्म्याशिवाय दिसेल एवढा. आणि त्या मार्गदर्शक बाईंनी तुमच्यासाठी एक प्रश्न पाठवलाय, लग्नपत्रिकेवर तुमच्या अक्षराखालीच मी तो लिहून घेतलाय. खोपोलीला एका पावसाळ्यात बकेटची कड किती झिजायची, आणि आवाजावरून तुम्हाला नेमकं काय कळायचं, ते त्यांना सविस्तर हवंय. तुम्ही सांगा, मी लिहून घेते, लेक इंग्रजी करून पाठवेल.

तुमची,
तिसऱ्या मजल्यावरची पोर