खोट्या वेखंडाऐवजी खरं वेखंड दिलंत, मावशी

खानापूरच्या मावशींना,
सप्रेम नमस्कार.

घरामागच्या पाणथळ परड्यासाठी आयरिस, म्हणजे तलवारीसारख्या पानांचं फुलझाड, मागायला आलेल्या आम्हाला तुम्ही ओल्या पोत्यात गुंडाळून वेखंडाचे कंद दिलेत आणि वर तासभर समजावून सांगितलंत. कंदांचे आभार तेव्हाच मानले होते, समजावण्याचे राहिले. ते उघड्या पत्रातून मानतोय, कारण ओल धरणारा एक तरी कोपरा बेळगाव-खानापूरकडं बहुतेक घरांच्या मागं असतोच, मोरीच्या तोंडाशी नाहीतर पागोळीखाली. तिथं काय लावावं, असं विचारणारेही पुष्कळ आहेत.

तुमचा पहिलाच प्रश्न नेमका होता: आयरिसनं तिथं करायचं काय? रानचा आयरिस आपल्या देशात हिमालयाकडचा. काश्मिरात पांढरा आयरिस कबरींवर लावतात. सह्याद्रीत मूळचा आयरिस नाही. पाण्यात पाय रोवून उभा राहणारा पिवळा आयरिस युरोपातला, आणि त्याच्या शास्त्रीय नावातला ‘स्यूडाकोरस’ म्हणजे खोटा अकोरस. अकोरस म्हणजे आपलं वेखंड! पानं वेखंडासारखी दिसतात म्हणून त्याला हे नाव पडलं. हाच पिवळा आयरिस बागेसाठी उत्तर अमेरिकेत नेला, तर तिथल्या ओढ्याकाठी इतका माजला की तिथल्या मूळच्या निळ्या आयरिसांच्या जागा त्यानं बळकावल्या. आपल्याकडच्या रोपवाटिकांत आयरिस म्हणून पुष्कळदा जे मिळतं ती निओमारिका, दक्षिण अमेरिकेतली. फूल सुरेख, पण इथल्या पाणथळीशी तिचं नातं काहीच नाही.

जिथं आयरिस मूळचा आहे तिथं तो तीन कामं करतो. त्याच्या उभ्या पात्यांवरून पाण्यातले किडे वर चढतात, कंदांची जाळी काठचा चिखल धरून ठेवते आणि फूल मधमाश्यांना बोलावतं. खालच्या पाकळीवरच्या रेघांच्या मागानं माशी आत शिरते आणि वरच्या कमानीखालून जाताना तिच्या पाठीवरचा पराग पुसला जातो. ही तीन कामं तुम्ही तीन-चार इथल्या झाडांत वाटून दिलीत. पाती आणि चिखल वेखंडाकडं. फुलांचं काम तालिमखाना, निरब्राह्मी आणि नागदवण्याकडं, कारण वेखंडाचं फूल म्हणजे पानातून तिरकं निघालेलं हिरवट बोट, माश्यांना त्याचं फारसं कौतुक नाही. वेखंडच सगळं करील असं तुम्ही सांगितलं नाहीत, याचे आभार वेगळे.

आता खड्डा. खानापूर-बेळगावची तांबडी माती चाळणीसारखी, तिच्यात पाणी ठरत नाही. २ मीटर रुंद, ३ मीटर लांब आणि ४५ सेंमी खोल खड्ड्याला शेततळ्याचा ५०० मायक्रॉनचा प्लास्टिकचा कागद लागतो तो ३.५ बाय ४.५ मीटर: लांबी-रुंदीत खोलीची दुप्पट आणि काठाला दोन्हीकडं ३०-३० सेंमी मिळवायचे. खाली दगड-मुळं वेचून दोन बोटं बारीक वाळू पसरायची, नाहीतर पहिल्याच पावसात जांभ्याचा कोपरा कागद फाडतो. तळाला पेन्सिलीएवढी भोकं मीटरभर अंतरानं पाडायची. नवखे इथंच अडतात: पाणी धरायला कागद घातला तर त्याला भोकं कशाला? पाणथळ म्हणजे डबकं नव्हे. पाणी अजिबात हललं नाही तर माती आंबते, काळी पडते, कुजक्या अंड्याचा वास मारते आणि मुळं गुदमरतात. भोकांवर ६-७ सेंमी खडी, त्यावर माती. गोकाक-अथणीच्या काळ्या मातीत कागदाची गरज कमी. भाताच्या वाफ्यासारखी चिखलणी करून पायानं तुडवली की तळ बसतो. पण तीच माती उन्हाळ्यात भेगाळते, म्हणून फाल्गुनापासून पाणी तुटू द्यायचं नाही.

माती दोन घमेली तर कुजलेला पालापाचोळा एक घमेलं. शेणखत नको, ताजं तर नकोच, असं तुम्ही दोनदा बजावलंत. कोरड्या वाफ्यात जे खत तेच बुडालेल्या मातीत विष, कारण ते कुजताना पाण्यातला प्राणवायू ओढून घेतं आणि वर हिरवं शेवाळ दाटतं. मोरीचं पाणी घ्यायचं तर तांदूळ-भाजी धुतलेलं घ्यावं, कपड्यांच्या पावडरचं नको.

पागोळीचं पाणी सोडणाऱ्यांनी हिशेब करूनच सोडावं. १,००० चौरस फूट छपरावर ३० मिलिमीटरची एक जोराची सर पडली तर साधारण २,८०० लिटर पाणी खाली येतं. सगळा खड्डा मातीसकट धरला तरी २,७०० लिटरच्या मापाचा. म्हणून काठाच्या एका बाजूला ४ इंची पाइप मातीच्या पातळीच्या दोन बोटं वर बसवून तो गटाराकडं काढायचा आणि त्याच्या तोंडाला जाळी लावायची. पाइप नसेल तर आषाढात माती, रोपं, सगळंच अंगणात. उन्हाळ्यात याच्या उलटं. दिवसाला ८ मिलिमीटर पाणी उडतं असं धरलं तर ६ चौरस मीटरला ४८ लिटर लागतं, म्हणजे १२ लिटरच्या दोन बादल्या सकाळी आणि दोन संध्याकाळी.

वेखंड लावायचं मृगात. कंदाचे ५ ते ८ सेंमीचे तुकडे, प्रत्येकाला एक-दोन डोळे, आडवे आणि डोळा वर ठेवून, ४-५ सेंमी खोल. दोन तुकड्यांत ३० सेंमी. तीन चौरस मीटरला ३० ते ३५ तुकडे पुरतात, अर्धा खड्डा बाकीच्यांना मोकळा राहतो. याहून खोल गेलेला तुकडा अंकुर वर यायच्या आत कुजतो. पानं हातभर होईपर्यंत पाणी मातीच्या वर नको, मग ५ सेंमी उभं राहिलं तरी चालतं. काष्ठौषधीच्या दुकानातलं वाळकं वेखंड आणून कुणी पुरू नये. ते सोलून वाळवलेलं असतं, फुटत नाही. बाजारात कन्नडमध्ये ‘बजे’ म्हणून मागितलं तरी हातात येतं ते हेच वाळकं. ओला कंद कुणाच्या तरी परड्यातूनच मिळवावा. भीमगड अभयारण्यात जाऊन उपटणं तर १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं गुन्हाच.

रोप वेखंडाचंच आहे का, हे ओळखायची तुमची खूण सोपी: पान चुरगळायचं. उग्र वास दरवळला तर वेखंड, नुसता गवताचा वास आला तर दुसरं काही. दुसरी खूण पानाच्या कडेला. पातं उजेडात धरलं तर एक कड बारीक चुण्या पडल्यासारखी दिसते. आता एक विषयांतर. बाळाला वेखंड उगाळून द्यायची आपल्याकडची जुनी चाल आहे, पण त्यातलं बीटा-असारोन हे रसायन घातक मानलं जातं आणि अमेरिकेनं १९६८ मध्येच वेखंड खाण्याच्या पदार्थांतून हद्दपार केलं. परड्यात उगवलं म्हणून घरच्या घरी बाळाला देऊ नये, डॉक्टरांना विचारावं.

तालिमखाना, म्हणजे कोळसुंदा, काटेरी म्हणून लोक उपटून टाकतात. प्रत्येक पेराला सहा-आठ काटे असतात खरे. पण पाऊस ओसरल्यावर त्याला जांभळी-निळी फुलं येतात आणि मयूर भिरभिरी, राखी भिरभिरी ही फुलपाखरं त्याच्यावर अंडी घालतात. तो वाटेपासून दूर, मागच्या काठाला लावा, म्हणजे पायात काटे जात नाहीत. दोन रोपं भरपूर, पुढं बी आपोआप पडतं. निरब्राह्मी पुढच्या काठाला अंथरायची: बोटभर काड्या १५ सेंमीवर खोचल्या की दोन महिन्यांत जमीन झाकते. नागदवणा मात्र पाण्यात नको, उंचवट्यावर. त्याचा कांदा मानेपर्यंत पुरला की पुरे. पांढरी फुलं रात्री वास सोडतात आणि लांब सोंडेचे पतंग त्यांच्यावर येतात. पानांवर काळ्या-पांढऱ्या, लाल ठिपक्यांच्या अळ्या दिसल्या तर त्या लिली-पतंगाच्या. पानं खातात, पण कांदा जिवंत असतो, पुन्हा फुटतो. औषध मारायचं नाही. ते पाण्यात उतरलं की बेडकांची पिल्लं आधी मरतात. वेखंडावर पिठ्या ढेकूण आला तरी नळाचा जोरकस फवारा पुरतो.

पाणथळीशेजारी उघडं पाणी हवंच. मीटरभर रुंद, ४५ सेंमी खोल, एक काठ मात्र दगड रचून उतरता. सरळ भिंतीत पडलेलं बेडकाचं पिल्लू किंवा खार वर येऊ शकत नाही. डासांची भीती सगळ्यांनाच. डासाचं अंडं ते पंख साधारण ७ ते १० दिवसांत होतं, म्हणून आठवड्यातून एकदा पांढऱ्या वाटीनं पाणी काढून बघायचं, वळवळ दिसते का. डास खायला गप्पी मासे सोडू नका, हे तुमचं म्हणणं सगळ्यांना पटत नाही, पण गप्पी परका आहे आणि ओढ्यात गेला तर इथल्या माशांच्या मुळावर उठतो. डोक्यावर चंदेरी ठिपका असलेला इथलाच लहान मासा पाण्याच्या वरच्या थरात डासांच्या अळ्या टिपतो. त्याचे चार-पाच पुरेत, जास्त झाले तर चतुरांची (ड्रॅगनफ्लायची) पिल्लंही खाऊन टाकतात.

आणि ज्यासाठी वेखंड लावायचं ते चतुर. पिल्लू पाण्यात वाढतं, मग एका रात्री पातं धरून वितभर वर चढतं, पाठ उलते आणि मऊ, फिकट चतुर बाहेर येतो. सकाळी पात्यावर तपकिरी कात चिकटलेली राहते आणि तिच्या पाठीच्या चिरेतून दोन-चार पांढरे दोरे लोंबत असतात. ते दोरे म्हणजे त्याच्या श्वासनळ्यांचं अस्तर. म्हणून पावसाळ्यात आणि त्यानंतरही कार्तिकापर्यंत उभी पाती कापू नका, असं तुम्ही म्हणालात. नंतर कापायची तीही एका वर्षी एकच अर्धी बाजू. खड्डा साफ करायचाच तर वैशाखात, मृगाच्या आधी. पहिल्या पावसात बेडूक अंडी घालतात, तेव्हा उघड्या पाण्यात हात नको. भेकाची (खरखरीत कातडीच्या बेडकाची) अंडी लांब माळेसारखी, बेडकांची पुंजक्यानं नाहीतर पातळ थरासारखी, हे बघून ठेवलं तर घाण समजून कुणी उपसणार नाही.

जलपर्णी कुणी फुकट दिली तरी घेऊ नये. पाणकणीस घेतलंच तर बुडाला भोक नसलेल्या टोपल्यात, नाहीतर दोन वर्षांत खड्डा त्याचाच. आमच्या मते मोरीजवळचं अळू काढायची गरज नाही. पानाखाली बेडूक बसतात, आणि अळू हवंच की!

वेखंड दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी दाटतं. मधले कंद एकमेकांवर चढतात, आतली पानं पिवळी पडतात, त्या वेळी मृगात निम्मे उपसून काढायचे. यंदा तसं दाटलंय. निम्मे तुमच्यासाठी काढून ठेवतोय, सोबत एक पाटी निरब्राह्मीही. पोतं तुमचंच आहे, तेही घेऊन येतो.

आपले,
परडं सांभाळणारे, बेळगाव