विषय : एसीच्या वायरलेस स्मार्ट थर्मोस्टॅटने बंद एसी चार तास ‘चालू’ दाखवल्याबाबत

दिनांक : ३ जुलै २०२४
नागपूर

प्रति,
तक्रार निवारण अधिकारी,
ग्राहक सेवा विभाग

महोदय / महोदया,

१२ एप्रिल रोजी मी तुमच्या संकेतस्थळावरून स्प्लिट एसीसाठीचा वायरलेस स्मार्ट थर्मोस्टॅट ५,४९० रुपयांना घेतला. ३० मे रोजी तक्रार केली, ८ जूनला उत्तर आले आणि त्याच उत्तराने तक्रार बंदही केली गेली. चॅटवरच्या मुलाला दोष देत नाही, त्याच्यापुढे जी उत्तरे ठेवलेली असतील तीच तो चिकटवत होता. म्हणून सगळे पहिल्यापासून लिहितो. कृपया कोणीतरी माणसाने वाचावे.

घरी ७९ वर्षांची आई आहे. तिच्या खोलीतला एसी २०१६ चा, दीड टनाचा, साधा, इन्व्हर्टर नसलेला. आई तो १८ वर लावायची, अर्ध्या तासात गारठायची, बंद करायची, आणि वरचा स्लॅब तापलेला असल्याने पुन्हा घामाघूम. खोली आपोआप २६ वर राहावी एवढीच माझी गरज. बहीण अमेरिकेत मिनिआपोलिसला असते. तिच्या भिंतीवरचा थर्मोस्टॅट मी पाहिला आहे, आकडा लावला की झाले. तेच इथे मिळते आहे असे वाटून मी घेतला. तिकडचा थर्मोस्टॅट तारेने थेट यंत्राला जोडलेला असतो आणि तुमचा नुसता रिमोटची नक्कल करतो, हे मला घेताना कळले नाही. ही माझी चूक धरा. पण तुमच्या खोक्यावर ठळक छापले आहे : ‘कोणत्याही एसीसोबत चालतो. एसीची खरी स्थिती, कुठूनही, त्याच क्षणी.’

बसवताना त्रास झाला तो सोडून देतो. फक्त २.४ गिगाहर्ट्‌झचे वायफाय चालते हे खोक्याच्या तळाला बारीक अक्षरात होते, त्यात दोन संध्याकाळी गेल्या. प्रत्येक आज्ञेला एसी ‘टिट्’ करतो म्हणून पहिले काही दिवस आई रात्री दचकून उठायची, तिची तिलाच सवय झाली. तुमच्या व्हिडिओत ‘आता रिमोट विसरा’ असे सांगितले आहे. आम्ही विसरलो. रिमोट कपाटाच्या खणात गेला आणि आईला सांभाळायला येणाऱ्या मावशींना मी बजावले, एसीला हात लावू नका, तो फोनवर चालतो.

२९ मे. नवतपा लागलेला. दुपारी १ वाजून १० मिनिटांनी आमच्याकडची लाइट गेली, वीसेक मिनिटांनी आली. तुमचे यंत्र आणि राऊटर घरच्या इन्व्हर्टरवर आहेत, त्यामुळे त्यांना लाइट गेल्याचा पत्ताच नाही. एसी इन्व्हर्टरवर नाही. लाइट आल्यावर आपणहून सुरू होण्याची सोयही या जुन्या एसीत नाही. तो बंदच राहिला.

मी ऑफिसात होतो. तीन वाजता ॲप उघडले. निळे वर्तुळ, त्यात ‘चालू · २६°’. निश्चिंत होऊन मी फोन खिशात टाकला.

साडेपाचला घरी आलो तेव्हा आई पलंग सोडून दारातल्या फरशीवर बसली होती, डोक्यावर ओला पंचा. मावशी वर्तमानपत्राने वारा घालत होत्या. पंखा गरम हवा फेकत होता. मी आधी ॲपमधले चालू-बंदचे बटण दाबले. एसी ‘टिट्’ करून सुरू झाला आणि फोनवर अक्षरे आली : ‘बंद’.

त्या क्षणी काही सुधरले नाही. दुसऱ्या दिवशी एसीच्या मेकॅनिकने दोन मिनिटांत उलगडा केला. या मॉडेलच्या रिमोटला चालू करायला आणि बंद करायला एकच सिग्नल आहे. तुमचे यंत्र तो सोडते आणि ‘झाले’ अशी नोंद स्वतःच्या वहीत करून टाकते. एसीकडून परत काही येतच नाही. एकदा चुकामूक झाली की पुढचा सगळा कारभार उलटा. त्या रात्री खोली गार झाल्यावर साडेनऊला मी पुन्हा ऑटोवर टाकले. यंत्राच्या हिशेबी एसी बंद होता, म्हणजे करण्यासारखे काही नाही. एसी चालतच राहिला. रात्री दोनला आईने हाक मारली तेव्हा खोलीत २० अंश होते आणि तिचे दात वाजत होते.

हे सगळे तुमच्या उत्तरातही आहे, ‘ही त्रुटी नसून उत्पादनाची कार्यपद्धती आहे’ असे म्हणून. ठीक. आता मला मुख्य मुद्द्यावर उत्तर हवे आहे.

तुमच्या यंत्रात तापमापक आहे. ॲपमध्ये दिवसाचा आलेख आहे. २९ तारखेचा आलेख मी रात्री उघडून पाहिला. सव्वाला २६.५, दोनला ३०, तीनला ३३.२, साडेपाचला ३६.१. रेघ सरळ चढत गेलेली आणि तिच्याच खाली, सव्वा ते साडेपाच, निळी पट्टी : ‘कूलिंग सुरू’. म्हणजे खोली तापते आहे हे यंत्राला दिसत होते. एसी चालू असताना चार तास तापमान चढत जाते, याचा अर्थ दहावीतले पोरही सांगेल. ‘वीस मिनिटे झाली, खोली गार होत नाही, एसी तपासा’ एवढा एक निरोप फोनवर आला असता तर मी शेजारच्या काकूंना फोन केला असता. ॲपमध्ये फिल्टर साफ करण्याची आठवण येते, तुमच्या नव्या बल्बांच्या जाहिराती येतात. हा निरोप येत नाही.

दुसऱ्याच दिवशी, ३० मे रोजी, नागपुरातल्या एका स्वयंचलित हवामान केंद्राने ५६ अंश दाखवले आणि गावभर चर्चा झाली. हवामान खात्याने निदान सेन्सर बिघडला म्हणून सांगितले. तुमचा सेन्सर तर बरोबर होता, त्याचे ऐकले कोणी नाही.

‘दहा दिवसांची परतीची मुदत संपली’ हे उत्तर मला मान्य नाही. लाइट जाण्याची वेळ दहा दिवसांत आली नाही, यात माझा काय दोष? मला पुढील गोष्टी हव्या आहेत : पूर्ण ५,४९० रुपये परत, आणि खोक्यावरून व संकेतस्थळावरून ‘खरी स्थिती’ हे शब्द काढणे, किंवा ते खरे होतील असे काही यंत्रात घालणे. एकच सिग्नल असलेल्या एसींची यादी विक्रीच्या पानावर वरच द्यावी. आईच्या त्रासाचे पैसे मी मागत नाही.

ग्राहक संरक्षण (ई-कॉमर्स) नियम, २०२० प्रमाणे तक्रारीची पोच ४८ तासांत आणि निवारण एका महिन्यात व्हायला हवे. पोच नवव्या दिवशी मिळाली, महिना उलटून गेला. १५ जुलैपर्यंत उत्तर न आल्यास १९१५ या राष्ट्रीय हेल्पलाइनवर नोंद करून नागपूरच्या जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाईन. २०१९ च्या कायद्याने ग्राहकाला राहत्या जिल्ह्यात दाद मागता येते, तुमच्या गावी खेटे घालावे लागत नाहीत.

सोबत : पावती, खोक्याच्या चारही बाजूंचे फोटो, २९ मे चा आलेख, चॅटची प्रत, मेकॅनिकचा लेखी शेरा.

आपला,
(सही)

ता. क. यंत्र भिंतीवरून काढून खोक्यात भरून ठेवले आहे, न्यायला माणूस पाठवा. चिकटपट्टीबरोबर रंगाचे दोन पोपडे निघाले, ते असू देत. एसीचा रिमोट आता आईच्या पलंगाला नाडीने बांधला आहे.