काडतुसे मोजून झाडायची वेळ

मा. संपादक महोदय,
स. न. वि. वि.

सोलापुरात नेमबाजी शिकणाऱ्या मुलांचे पालक हल्ली भेटले की स्कोअर विचारण्याआधी ‘डबी मिळाली का?’ असे विचारतात. डबी म्हणजे एअर रायफलच्या छऱ्यांची पाचशे नगांची चपटी पत्र्याची डबी. ती पुण्या-मुंबईहून येते. कधी सांगितलेल्या दिवशी येते, कधी तीन आठवडे उशिरा येते, तर कधी मागवलेली एक असते आणि हातात पडते ती दुसरीच. पॉइंट टूटूच्या, म्हणजे .२२ इंच नळीच्या रायफलच्या काडतुसांची रड याहून मोठी आहे. या टंचाईवर आमच्याकडे दोन उपाय बोलले जातात. मिळेल तेवढा माल उचलून घरात भरून ठेवावा, हा एक. आणि परदेशी चित्रफिती पाहून झाडलेली काडतुसे घरीच पुन्हा भरावीत, हा दुसरा. मी निवृत्त क्रीडाशिक्षक आहे आणि काही वर्षे मुलांना रायफल धरायला शिकवतो आहे. हे दोन्ही उपाय चुकीचे आहेत आणि सर्वांनी मिळून एक सामायिक साठा करणे हे आपल्या गावाला सहज जमण्यासारखे आहे, असे माझे मत आहे, आणि तेवढ्यासाठीच हे पत्र लिहीत आहे.

आधी घरच्या भरणीविषयी. रेंजवर, म्हणजे नेमबाजीच्या सरावाच्या जागेवर, झाडलेले पॉइंट टूटूचे एक टरफल मी मुलांच्या तळहातावर ठेवतो आणि त्याच्या बुडाची कड बघायला सांगतो. तिथे रायफलच्या पिनेने मारलेली एक चपटी खाच दिसते. या काडतुसात बार पेटवणारी वेगळी टोपी नसते. ठिणगी देणारे रसायन बुडाच्या कडेच्या पोकळ घडीत कारखान्यातच, ओलसर असताना, टरफल गरगर फिरवून बसवलेले असते. पिन ती कड चेपते, रसायन पेटते आणि कड कायमची चेपलेली राहते. त्या टरफलाचे पुढे भंगारात पितळ म्हणून जे वजन होईल तेवढेच. ज्या चित्रफिती आमची मुले पाहतात त्यांत पुन्हा भरली जाणारी काडतुसे सेंटरफायरची, म्हणजे बुडाच्या मधोमध स्वतंत्र टोपी असणारी असतात, आणि आमच्या रेंजवर त्यांचा सराव होतच नाही. म्हणजे ज्या दुखण्यावर हे औषध सुचवले जाते, ते दुखणेच वेगळे आहे.

ज्यांच्याकडे सेंटरफायरची हत्यारे आहेत त्यांनीही त्या वाटेला जाऊ नये. शस्त्र अधिनियम, १९५९ मध्ये ‘दारूगोळा’ या शब्दाची व्याख्या पुष्कळ रुंद आहे. तयार काडतुसाबरोबर त्याचे सुटे भाग, भरायची दारू आणि ते बनवण्याची यंत्रेसुद्धा तिच्यात येतात, आणि कलम ५ प्रमाणे परवान्याशिवाय दारूगोळा तयार करणे हा गुन्हा आहे. २०१९च्या दुरुस्तीनंतर या गुन्ह्याला किमान सात वर्षांची शिक्षा आहे. आपल्या खेड्यांत ठासणीची बंदूक पाहिलेली जुनी माणसे आहेत, दारू, छरे आणि टोपी घालून बार भरणे त्यांना नवे नाही, आणि त्यामुळेच ‘त्यात काय एवढे’ असा सूर कधीकधी निघतो. ठासणीचा बार फुसका गेला तर रानडुक्कर पळून जाते एवढेच. आजच्या काडतुसात दारूचे माप थोडेसे चुकले तरी बंदुकीची नळी डोळ्यापासून वीतभर अंतरावर फाटू शकते. आणि जिथे ही भरणी कायदेशीर आहे त्या अमेरिकेतही २०२० नंतर घरी भरणाऱ्यांचे हाल झाले, कारण पहिल्यांदा बाजारातून गायब झाल्या त्या टोप्याच. त्या घरी बनवता येत नाहीत आणि टंचाईच्या काळात कारखाने त्या स्वतःच्या तयार काडतुसांसाठी राखून ठेवतात.

ही टंचाई कुठून आली, हे ठाऊक असले तर दुकानदाराशी भांडण्यात जाणारा वेळ वाचतो. २०२० मध्ये साथ आली, अमेरिकेत बंदुकांची आणि काडतुसांची प्रचंड खरेदी झाली आणि त्याच वर्षी जुलैमध्ये रेमिंग्टनसारख्या बंदुका-काडतुसे बनवणाऱ्या जुन्या कंपनीने दिवाळखोरीचा अर्ज केला. २०२२ मध्ये युक्रेनचे युद्ध सुरू झाल्यावर युरोपातले दारूगोळ्याचे कारखाने आणि त्यांचा कच्चा माल लष्करी मागणीकडे वळला. स्पर्धेच्या दर्जाची पॉइंट टूटू काडतुसे मुख्यतः इंग्लंडमधून आणि जर्मनीतून येतात. २०२३च्या अखेरीपासून तांबड्या समुद्रातल्या हल्ल्यांमुळे युरोपची अनेक जहाजे आफ्रिकेला वळसा घालून येऊ लागली. काडतुसे मुळातच स्फोटक माल म्हणून नोंदली जात असल्याने त्यांना जागा देणारी जहाजे आणि विमाने कमी. यातले एकेक कारण सोसण्यासारखे होते. सगळी एकावर एक आली.

इथे सोलापूरकर म्हणून एक गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही. आजच्या काडतुसात भरतात त्या बिनधुराच्या दारूचा पाया कापूस आहे. नायट्रिक आम्लाची प्रक्रिया केलेला कापूस भडकन जळतो, हे शॉनबाइन या रसायनशास्त्रज्ञाने १८४६ मध्ये दाखवले आणि १८८४ मध्ये फ्रान्समध्ये व्हिएय यांनी त्यापासून बंदुकीत वापरता येईल अशी दारू केली. आजही त्यासाठी जिनिंगनंतर सरकीला चिकटून राहणारा आखूड तंतू लागतो, आणि त्याचा मोठा पुरवठा चीनकडून होत असल्याने युरोप सध्या चिंतेत आहे. ज्या गावाने पिढ्यान्‌पिढ्या कापसाची चादर विणली, त्या गावातल्या पोराला कापसाच्याच दारूचे काडतूस मिळत नाही, ही गंमत म्हणायची की काय, ते मला ठरवता येत नाही.

आता भरून ठेवण्याविषयी. २०२०च्या फेब्रुवारीत केंद्रीय गृहमंत्रालयाने परवानाधारक खेळाडूंसाठी काडतुसांची मर्यादा वाढवली. पॉइंट टूटूची एक हजाराची पाच हजार झाली. ही सवलत योग्यच होती. रोज शंभर गोळ्यांच्या हिशोबाने एक हजार म्हणजे दहा दिवसांचा सराव आणि पाच हजार म्हणजे पन्नास दिवसांचा. पण परवान्याच्या पुस्तिकेतला आकडा वाढला म्हणून खोके वाढत नाहीत. ज्यांच्याजवळ पैसे आहेत ते पूर्ण मर्यादेइतका माल एकदम उचलतात आणि ज्याला पुढच्या महिन्यात निवड चाचणी आहे त्याला पन्नासचे एक पाकीटही मिळत नाही. शिवाय घरी भरलेला माल ठेवायचा कुठे, हा प्रश्न उरतोच. आपल्याकडे मे महिन्यात पारा चाळिसाच्या वर असतो. पत्र्याच्या खोलीत किंवा उन्हात उभ्या गाडीच्या डिकीत काडतुसे ठेवणारे मी पाहिले आहेत. छऱ्यांचेही तसेच. ओलीत राहिलेल्या शिशावर पांढरी भुकटी धरते आणि मग ती महागाची डबी फुगे फोडायच्या कामाची उरते.

साठा करणाऱ्यांच्या ध्यानात न येणारी आणखी एक बाब म्हणजे लॉट. प्रत्येक खोक्यावर उत्पादनाच्या तुकडीचा क्रमांक असतो, आणि एखाद्या नळीला एक लॉट मानवतो तर दुसरा मानवत नाही. म्हणून मोठे नेमबाज रायफल शिकंज्यात बसवून एकेका लॉटच्या दहा-दहा गोळ्या झाडून पाहतात आणि मगच खरेदी करतात. टंचाईत ही चैन परवडत नाही, हे खरे. पण जे मिळाले ते एकाच लॉटचे असावे एवढे तरी पाहता येते, आणि नेमके तेच पाच जणांनी पाच ठिकाणांहून दोन-दोन पाकिटे आणली की बिघडते. मागच्या उन्हाळ्यात एका विक्रेत्याकडे आम्ही आगाऊ पैसे भरून ४.५० मिलिमीटर व्यासाच्या छऱ्यांच्या डब्या सांगितल्या होत्या. दीड महिन्याने आलेल्यांपैकी निम्म्या ४.४९च्या निघाल्या. मिलिमीटरचा शंभरावा भाग, असे म्हणून आम्ही त्या घेतल्या. मुलांनी दोन्ही एकाच वाटीत ओतल्या. दहा मीटरवरच्या एअर रायफलच्या लक्ष्यात दहा गुणांचा ठिपका अर्ध्या मिलिमीटरचा असतो. आठवडाभर माझ्या चांगल्या तीन मुलांचे ग्रुप, म्हणजे लक्ष्यावर जवळजवळ पडणाऱ्या छिद्रांचे पुंजके, फुटत राहिले आणि मी त्यांच्या श्वासात आणि खांद्यात चूक शोधत राहिलो. वाटीत काय मिसळले आहे ते बघायला मला आठ दिवस लागले, याची मला अजून लाज वाटते.

आमच्याकडे पूर्व भागातली एक मुलगी येते. तिची आई विड्या वळते. डबी पुरवून वापरायची म्हणून त्या बाईंनी स्वतःच एक रीत काढली होती: विड्यांचे सूप रिकामे करून त्यात छर्रे पसरायचे, कंबर चेपलेला किंवा घेर वाकलेला प्रत्येक छर्रा नखाने बाजूला करायचा आणि उरलेले पंचवीस-पंचवीसचे कट्टे बांधावेत तसे कागदाच्या पुड्यांत बांधायचे. निवड इतकी अचूक होती की मी पुड्या उघडून एकही वाईट नग काढू शकलो नाही. मात्र छर्रे शिशाचे असतात, शिसे बोटांना लागते, आणि ज्या सुपात तंबाखू आणि हात असतात त्यात ते येता कामा नये, म्हणून ती निवड मी रेंजवर काचेच्या तुकड्यावर करायला लावली आणि नंतर साबणाने हात धुणे सर्वांना सक्तीचे केले. कट्ट्यांचा हिशोब मात्र जसाच्या तसा उचलला. आता प्रत्येक मुलाला दिवसाला पंचवीसची एक पुडी मिळते. ती उघडण्याआधी चाळीस मिनिटे ड्राय फायर, म्हणजे छर्रा न घालता, सगळी क्रिया जशीच्या तशी. नव्या एअर रायफलींना त्यासाठी वेगळी खटकी असते; जुन्या स्प्रिंगच्या रायफली मात्र रिकाम्या झाडू नयेत, त्यांचे आतले भाग तुटतात. पूर्वी शंभर छर्रे उडवणाऱ्या मुलांनी सुरुवातीला तोंडे वाकडी केली. त्या मुलीचा स्कोअर दोन महिन्यांत घसरला नाही, किंचित वरच गेला. इतर दोघांचा घसरला, तेही सांगितले पाहिजे.

यावर कोणी म्हणेल की ही गरिबीची सोय झाली, यातून पदके मिळत नाहीत. स्वप्निल कुसाळे यांनी २०२४ मध्ये पॅरिसला पन्नास मीटर थ्री पोझिशनमध्ये कांस्यपदक घेतले. त्या स्पर्धेच्या पात्रता फेरीत गुडघ्यावर, पालथे आणि उभ्याने वीस-वीस अशा साठ गोळ्या असतात. त्या साठ गोळ्यांमागे किती हजार झाडल्या असतील याची मला कल्पना आहे, आणि वरच्या पातळीवर ड्राय फायर खऱ्या गोळीची जागा घेत नाही हेही मान्य आहे. म्हणूनच जी थोडी काडतुसे गावात येतात ती वरच्या पातळीच्या मुलांपर्यंत पोचली पाहिजेत. नवशिक्यांना पहिले सहा महिने देशी छर्रे पुरतात. (गड्ड्याच्या यात्रेतल्या फुग्यांच्या स्टॉलवरचे नव्हेत, एका पालकांनी हौसेने ते किलोवर आणून दिले होते, त्यातले काही नळीतच अडकले.)

म्हणून माझी विनंती अशी आहे. शहरातल्या रेंज चालवणाऱ्यांनी आणि शाळांनी वेगवेगळी मागणी न नोंदवता जिल्हा क्रीडा कार्यालयाच्या पुढाकाराने वर्षातून दोनदा एकत्र मागणी नोंदवावी, म्हणजे एकाच लॉटचा माल मागण्याइतकी ती मोठी होईल. छऱ्यांना परवान्याची भानगड नाही, तेव्हा सुरुवात त्यांच्यापासून करावी. पॉइंट टूटूसाठी परवाना असलेल्या क्लबाच्या नावावरच, पोलिसांना दाखवता येईल अशा नोंदवहीसह, साठा ठेवावा. आज किती नग शिल्लक आहेत, कोणत्या लॉटचे आहेत आणि कोणाला किती दिले, हे रेंजच्या फळ्यावर खडूने लिहिलेले असावे. कपाटात काय आहे हे सर्वांना दिसले की घरी भरून ठेवण्याची घाई निम्मी कमी होते, असा आमच्या लहानशा रेंजवरचा अनुभव आहे. वाटप करताना निवड चाचणी जवळ आलेल्याला आधी द्यावे, मग इतरांना, आणि संचालकांच्या मुलांनाही त्याच रांगेत उभे करावे. निवडणुकीच्या आचारसंहितेत परवान्याची हत्यारे जमा करण्याचे आदेश निघतात तेव्हा खेळाडूंच्या रायफलींबाबतचा निर्णय वेळेत मिळाला तर आधीच कमी असलेले सरावाचे दिवस आणखी वाया जाणार नाहीत. त्यासाठीही एकेकट्याने कचेरीत खेटे घालण्यापेक्षा एकत्र अर्ज दिलेला बरा.

पुण्याला मुख्यालय असलेली म्युनिशन्स इंडिया ही सरकारी कंपनी २०२१ मध्ये झाली आणि खडकीचा १८६९ सालचा दारूगोळा कारखाना तिच्याकडे आला. सोलापूरहून खडकी रेल्वेने अर्ध्या दिवसाच्या वाटेवर आहे. स्पर्धेच्या दर्जाचे पॉइंट टूटू काडतूस राज्यातच व्हावे, ही मागणी आपल्या लोकप्रतिनिधींनी तिथवर नेली तर ते काम पाच-सात वर्षांचे असेल. तोवरच्या मुलांसाठी फळा आणि खडू लागेल. आमच्या फळ्यावर आज ४.५०च्या अकरा डब्या शिल्लक आहेत, सगळ्या एकाच लॉटच्या.

आपला नम्र,
एक निवृत्त क्रीडाशिक्षक, जुळे सोलापूर