शाळा कितवीत सुटली?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

नागपुरातील एका सरकारी रुग्णालयाच्या नवजात कक्षात मी सत्तावीस वर्षे परिचारिका होते. १७ नोव्हेंबरचा जागतिक अकालजन्म दिन आला की काचेच्या पेटीतल्या इवल्याशा बाळांचे फोटो छापून येतात. मला त्या बाळांच्या आयांबद्दल लिहायचे आहे.

बाळ दाखल करताना आम्ही नोंदवही भरायचो. आईचे वय, कितवे बाळंतपण, किती आठवडे, वजन. त्यात ‘शिक्षण’ असाही रकाना असे आणि तो घाईत भरला जाई. पुढे पुढे मी तो थांबून, विचारून भरू लागले. पाचवी. आठवी. नववी नापास. शाळेत गेलीच नाही. ३७ आठवडे पूर्ण होण्याआधी जन्मलेल्या बाळांच्या पानांवर हेच शब्द पुन्हा पुन्हा लिहावे लागत. माझी वही म्हणजे संशोधन नव्हे, आणि सरकारी दवाखान्यात गरीबच जास्त येतात हेही खरे. पण डेन्मार्क, नॉर्वेसारख्या देशांत, जिथे गरोदरपणातली तपासणी सर्वांना मोफत मिळते, तिथल्या अभ्यासांतही कमी शिकलेल्या मातांमध्ये अकाली प्रसूतीचे प्रमाण जास्त आढळले आहे.

एक पोरगी माझ्या डोळ्यांसमोरून हलत नाही. बांधकामावर विटा वाहणारी, वय १९, दुसरे बाळंतपण. एकतिसाव्या आठवड्यात पाणी गेले, बाळ १,४०० ग्रॅमचे. तिच्या प्लास्टिकच्या पिशवीत तीन आठवड्यांपूर्वीचा लघवीचा रिपोर्ट होता, नीट चार घड्या घातलेला. त्यात जंतुसंसर्ग उघड दिसत होता. काही दिवसांच्या गोळ्यांनी तो बरा होतो. अंगावर काढला तर वेळेआधी कळा सुरू होण्याचा धोका वाढतो. “कोणाला दाखवला का नाहीस गं?” मी विचारले. “त्यात इंग्रजीत लिहून होतं जी सिस्टर, मले काय समजते? जपून ठेव म्हणे, तं जपून ठेवला.”

सांगितले तेवढे तिने तंतोतंत पाळले होते. तिला कोणत्या तोंडाने दोष द्यायचा?

बारावीपर्यंत शाळेत टिकलेली मुलगी सहसा सोळाव्या वर्षी बोहल्यावर चढत नाही. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात महाराष्ट्रातल्या २० ते २४ वयोगटातील सुमारे २२ टक्के स्त्रियांची लग्ने अठराच्या आत झालेली होती. कोवळे वय, अंगात रक्त कमी, पहिले मूल अंगावर पीत असतानाच पुन्हा दिवस राहिलेले, हे सगळे एकावर एक येते. त्यात आपल्या विदर्भाचा तंबाखू-सुपारीचा खर्रा. “मळमळ थांबते” म्हणून गरोदर बाया तो खातात आणि घरात कोणी हटकत नाही. तंबाखूमुळे बाळाचे वजन घटते, दिवस भरण्याआधी प्रसूती होऊ शकते, हे त्यांच्यापर्यंत पोहोचलेलेच नसते.

शिकलेल्या बायकांचीही बाळे लवकर जन्मतात. रक्तदाब वाढतो, जुळी असतात. पण पाणी गेले की त्या तासाभरात दवाखान्यात येतात. बाळाची फुप्फुसे तयार व्हावीत म्हणून आईला जे इंजेक्शन देतात, त्याचा पूर्ण गुण यायला साधारण एक दिवस लागतो. “सासू म्हणाली सकाळी पाहू” असे म्हणत पहाटे पोहोचणाऱ्या बाईच्या बाळाला तो दिवस मिळत नाही. आणि ‘सातव्यातलं जगतं, आठव्यातलं जगत नाही’ हा समज तर मी निवृत्त होईपर्यंत ऐकला. खरे तर पोटात मिळालेला प्रत्येक जास्तीचा आठवडा बाळाला बळ देतो.

याच नागपुरात जुलै १९४२ मध्ये दलित महिलांची परिषद भरली होती. लग्नाची घाई करू नका, मुलांना शिकवा, असे डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी तिथे जमलेल्या हजारो बायकांना सांगितले. आज खेड्यातल्या मुलीला बारावीपर्यंत एसटीचा पास मोफत आहे. पण संध्याकाळची गाडी बेभरवशाची असली की दहावीनंतर तिला घरी बसवतात, आणि घरी बसली की स्थळे येऊ लागतात. एसटीचे वेळापत्रक हा मला बाळंतपणाचाच प्रश्न वाटतो.

ज्यांची शाळा सुटून गेली त्यांच्यासाठी दोन मागण्या. गरोदर बाईच्या प्रत्येक रिपोर्टवर मराठीत आणि हिंदीत एक ओळ असावी: ‘सर्व ठीक’ किंवा ‘लगेच डॉक्टरांना दाखवा’. दुसरी मागणी आपल्याकडे. दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी दवाखान्यांत गरोदर मातांची मोफत तपासणी असते. आदल्या दिवशीच्या अंकात ठळक अक्षरांत एक चौकट द्यावी: पाणी जाणे, रक्त जाणे, लघवीला जळजळ, ताप, चेहऱ्यावर सूज, डोके दुखून अंधारी येणे, बाळाची हालचाल कमी होणे, यांपैकी काहीही झाले तरी सकाळची वाट पाहू नका. मजकूर लिहून द्यायला मी तयार आहे.

— एक निवृत्त परिचारिका, नागपूर